तोक्यो, सोल, तैपेई, शांघाय: कराओकेची रात्र जमवायची कशी

या शहरांत कराओके म्हणजे आपल्या गटापुरती खोली घेऊन, पडद्यावरचे शब्द वाचत वाद्यसाथीवर गाणं. तिथल्या काउंटरवर उभं राहिलं की आधी एकच गोष्ट विचारायची: पैसे माणशी की खोलीमागे? किती जणांनी जायचं, किती वेळ थांबायचं आणि दिवसा जायचं की रात्री, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

जपानमध्ये हिशोब माणशी आणि अर्ध्या तासाचा असतो. बाहेरच्या फलकावरचा मोठ्या अक्षरांतला आकडा बहुधा दिवसाचा आणि सभासदांचा दर असतो. संध्याकाळी तो चढतो. शुक्रवारी, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री सर्वांत जास्त. शिवाय माणशी एक पेय घ्यावंच लागतं किंवा ड्रिंक बारचे, म्हणजे हवं तितकं पेय स्वतः भरून घ्यायच्या सोयीचे, पैसे भरावे लागतात. समजा दर अर्ध्या तासाला ३०० येन आहे. चौघं दोन तास बसले तर गाण्याचे ४,८०० येन होतात. त्यात ५०० येनची चार पेयं धरली की बिल ६,८०० वर जातं. अडीच-तीन तासांच्या वर बसायचं असेल तर ‘फ्री टाइम’चा दर आधी विचारा. ठरलेल्या वेळेपर्यंत कितीही गा, असा तो सौदा असतो आणि लांब बैठकीला बहुतेक वेळा तोच स्वस्त पडतो. तोक्योत शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात आणि पहिल्या पहाटे पाचच्या सुमारास. म्हणून रात्रीचा फ्री टाइम बऱ्याच ठिकाणी पाचपर्यंत असतो. साडेबाराला अर्धवट उठून टॅक्सीचे पैसे घालवण्यापेक्षा घरी कधी जायचं ते आत शिरतानाच ठरवलेलं बरं.

सोलमधल्या नोरेबांगमध्ये, म्हणजे कोरियन कराओकेत, खोलीचं तासाचं भाडं असतं, त्यामुळे सहा जण गेले की खर्च सहांत विभागतो. गर्दी नसेल तर मालक आपणहून दहा-वीस मिनिटं वाढवून देतो. त्याला तिथे ‘सर्व्हिस’ म्हणतात. म्हणून वेळ संपत आली तरी पडद्यावरच्या मिनिटांवर नजर ठेवा, लगेच उठू नका. नोंदणीकृत नोरेबांगमध्ये दारू विकायला कायद्याने मनाई आहे आणि रात्री दहानंतर अल्पवयीनांना थांबता येत नाही. एकट्यादुकट्यासाठी कॉइन नोरेबांग उत्तम: छोटी केबिन, १,००० वॉनला दोन ते चार गाणी, जागेनुसार कमी-जास्त. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.

तैपेईत कराओकेला केटीव्ही म्हणतात. त्याच्या बिलात गाण्याच्या पैशांशिवाय किमान खाण्यापिण्याची रक्कम आणि दहा टक्के सेवाशुल्क धरा. तिथलं जेवण खरोखर चांगलं असतं. बीफ नूडल्ससाठी मुद्दाम केटीव्ही गाठणारे लोक आहेत, तेव्हा पोट रिकामं ठेवूनच जा. शांघायसारख्या चिनी शहरांत खोली तिच्या आकारानुसार आणि ठरावीक तासांच्या पट्ट्यात मिळते. मेइत्वान किंवा द्यानपिंग या अॅपवरचं कूपन काउंटरच्या दरापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. पैसे अलिपे किंवा वीचॅट या फोनवरच्या अॅपने द्यायचे, त्यामुळे दोन्हींपैकी एक आधीच चालू करून ठेवा. नियमानुसार पहाटे दोन ते सकाळी आठ केटीव्ही बंद असतात आणि अठराखालच्यांना प्रवेश नसतो.

कुठल्याही शहरात रस्त्यावर गाठून ‘चला, स्वस्तात गाऊ’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. तोक्योचा काबुकिचो भाग आणि शांघायचे पर्यटकांचे रस्ते यासाठी कुप्रसिद्ध आहेत. आत गेल्यावर हातात अवाच्या सवा बिल पडतं.

गाण्यांचा हिशोबही आधी करा. एक गाणं, टाळ्या आणि माइक हातात घेणं मिळून साडेचार मिनिटं जातात. दोन तासांत सव्वीस-सत्तावीस गाणी होतात, म्हणजे सहा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला चार. आठ जण असतील तर तीन तासांची खोली घ्या, नाहीतर निम्मे लोक नुसते बसून राहतात. यंत्रात लावलेल्या गाण्यांच्या रांगेत एका वेळी एकाचं एकच गाणं ठेवा. कोरियन रिमोटवर मधलं वाद्यसंगीत ओलांडायचं बटण असतं. तासावर पैसे मोजत असाल तर ते जरूर वापरा.

आता आवाज. निम्म्या मैफली इथेच बिघडतात, आणि दुरुस्ती दोन मिनिटांची असते. खोलीत तीन नियंत्रणं असतात: संगीत, माइक आणि एको (आवाजाचा प्रतिध्वनी). आधीच्या गटाने बहुतेक वेळा तिन्ही चढवून ठेवलेली असतात. गाणारा संगीताच्या वर जायला ओरडतो, मग कोणीतरी माइक वाढवतो, माइक स्पीकरचा आवाज पकडतो आणि शिट्टी घुमू लागते. अशा वेळी माइक कमी करण्याआधी संगीत उतरवा. स्वतःचा आवाज वाद्यांच्या किंचित वर ऐकू आला की थांबा. एको मध्याच्या खालीच ठेवा. जास्त एकोने आवाज भरदार वाटतो, पण शब्द एकमेकांत मिसळतात आणि स्वर सुटला तरी कळत नाही. माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा, उंच तानेच्या वेळी थोडा दूर न्या. त्याची जाळी मुठीत झाकू नका. जाळी झाकली की माइक सगळ्या बाजूंचा आवाज घेतो आणि शिट्टी हमखास येते. स्पीकरसमोर उभं राहणंही टाळा.

पट्टी बदलायला संकोच करू नका. रिमोटवरची एक पायरी म्हणजे अर्धा स्वर. गायिकेचं गाणं पुरुषाने म्हणताना चार-पाच पायऱ्या खाली किंवा वर जाऊन पाहा. ध्रुवपदातला सर्वांत उंच स्वर मनात म्हणून पाहा आणि त्यावर ठरवा, कारण सुरुवातीच्या ओळी सगळ्यांनाच सोप्या वाटतात. पुढच्या गाण्याला पट्टी सहसा मूळ जागी येते, तेव्हा दर वेळी तपासा.

जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी काउंटरवर यंत्र निवडता येतं. जॉयसाउंडकडे गाणी जास्त, तर डॅमची वाद्यसाथ आणि गुण देण्याची पद्धत नावाजलेली. दोन्हीकडच्या नव्या रिमोटवर इंग्रजी पर्याय असतो. कोरियात टीजे आणि कुमयोंग ही दोन यंत्रं, आणि एकाच गाण्याचा क्रमांक दोघांत वेगळा. टिपून नेलेला क्रमांक चालला नाही तर कारण हेच. इंग्रजी गाणी सगळीकडे भरपूर मिळतात. हिंदी-मराठीच्या भरवशावर मात्र जाऊ नका. जपानमधल्या काही खोल्यांत फोन पडद्याला जोडता येतो. एचडीएमआयची तार आणि फोनचं अॅडॅप्टर सोबत ठेवा आणि गाण्याची कराओके आवृत्ती आधीच उतरवून घ्या. ब्लूटूथ नको: साथ उशिरा पोहोचते आणि पडद्यावरच्या शब्दांशी जुळत नाही.

रीतभात थोडीच, पण ती मनापासून पाळा. दुसऱ्याचं गाणं मधेच कापायचं नाही, आपलं गाणं रांगेत पुढे घुसवायचं नाही, आणि न विचारता दुसरा माइक उचलून साथ द्यायची नाही. गाणारा नवखा असेल तर खोलीतली डफली हलक्या हाताने वाजवा, कारण चुकलेल्या ठेक्याने तो पुरता अडखळतो. पहिलं गाणं सगळ्यांच्या ओळखीचं आणि मध्यम पट्टीचं घ्या. घसा तापायच्या आत उंच गाणं घेतलं तर पुढे आवाज बसू शकतो. बर्फाच्या पेयापेक्षा कोमट चहा बरा, आणि जपानच्या ड्रिंक बारवर तो बहुधा असतो.

जपानमध्ये वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. वाढवायचं असेल तर ‘एन्चो’ म्हणा. नसेल तर तेव्हाच रांगेतली जादा गाणी काढा आणि सगळ्यांना मिळून म्हणता येईल असं एक ठेवा. फोन खाली ठेवून पुन्हा एकेकट्याची गाणी लावली तर शेवटचं अर्ध्यावर तुटतं, आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे माणशी लागू शकतात.