आंबवलेल्या मशरूमच्या अर्काने सूज कमी होते का? टेस्ट करताना या चुका टाळा

टेस्टच्या प्लेटमधला गुलाबी रंग फिका दिसला की भारी वाटतं. मलाही वाटलं होतं, रेशी मशरूमचा अर्क लॅक्टोबॅसिलस या बॅक्टेरियाने आंबवला, रॉ २६४.७ मॅक्रोफेजवर (लॅबमध्ये वाढवलेल्या उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींवर) टाकला, एलपीएस, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातला दाह भडकवणारा घटक, देऊन पेशी भडकवल्या आणि नायट्राइट असलं की गुलाबी होणारं ग्रीस रिएजंट घातल्यावर नायट्राइट एकदम खाली! भडकलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याचंच नायट्राइट होतं, म्हणून ते कमी म्हणजे दाह कमी असं धरतात. मग मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी गोल होऊन तरंगत होत्या. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवणार कुठून?

म्हणून आधी पेशी जिवंत आहेत का ते बघा, आणि नुसत्या एमटीटीवर (जिवंत पेशी जांभळा करतात त्या पिवळ्या रंगद्रव्याच्या टेस्टवर) विसंबू नका, कारण मशरूममधली फिनॉल्स पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करू शकतात. पेशी न घालता फक्त अर्क आणि एमटीटी अशी एक वेल (प्लेटमधला खळगा) लावा, लगेच कळतं.

दुसरं म्हणजे आंबटपणा. आंबवताना लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं, अर्क घातल्या घातल्या पेशी ज्यात वाढतात तो लाल मीडिया पिवळा पडला तर पीएच आधी ७.४ च्या आसपास आणा, नाहीतर तुम्ही अ‍ॅसिडचा परिणाम मोजताय. रंगाचंही तसंच, ग्रीसचं रीडिंग ५४० नॅनोमीटरच्या आसपास घेतात आणि अर्क असतो तपकिरी, त्यात अँटिऑक्सिडंट्स रिअ‍ॅक्शनमध्ये लुडबुड करतात ते वेगळंच. अर्कात माहीत असलेलं नायट्राइट घालून बघा, पूर्ण परत मिळतंय का.

कंट्रोल मात्र सगळ्यात जास्त लोक विसरतात. न आंबवलेला अर्क तेवढेच तास त्याच तापमानाला ठेवलेला हवा, आणि मशरूमशिवाय नुसतं मीडियात वाढवलेलं लॅक्टोबॅसिलसही हवं, कारण ते बॅक्टेरिया वाढलेलं पाणीसुद्धा एकट्याने दाह कमी करू शकतं, मग श्रेय रेशीला कसं देणार?

आता एंडोटॉक्सिन, म्हणजे हेच एलपीएस, यावर मी हट्टी आहे. अर्कात आधीच थोडं एलपीएस असेल आणि पेशी रात्रभर त्यात राहिल्या तर त्या एलपीएसला सरावतात, नंतर मोठा डोस दिला तरी टीएनएफ (दाहाचा इशारा देणारं प्रोटीन) कमीच येतो, आणि आपल्याला वाटतं अर्काने काम केलं! ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने एलपीएस जात नाही, नेहमीच्या ऑटोक्लेव्हवरही भरवसा नको, काचेचं सामान २५० अंशांवर अर्धा तास भाजावं लागतं. टेस्ट करतानाही साधी एलएएल (हॉर्सशू क्रॅबच्या रक्तापासूनची एंडोटॉक्सिन टेस्ट) वापरू नका, मशरूमच्या पेशीभित्तीतलं बीटा-ग्लुकान त्या टेस्टमधला फॅक्टर जी चालू करतं आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. फक्त एंडोटॉक्सिन ओळखणारी रिकॉम्बिनंट फॅक्टर सी टेस्ट वापरा, किंवा बीटा-ग्लुकान ब्लॉक करणारा बफर. एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून तोच प्रयोग परत करता येतो, पण ते अर्कासोबत असतानाच द्या आणि मुख्य एलपीएस देण्याआधी पेशी धुवून घ्या, नाहीतर ते तुमचं एलपीएससुद्धा बांधून टाकेल.