बर्फाच्या मुलखात डे लिली: पहिल्या हिवाळ्याआधी वाचा

नवीन घर झालं, अंगणात थोडी माती मिळाली, आता काय लावू? नव्याने आलेले लोक मला हे विचारतात तेव्हा मी डे लिली सांगतो. आपण उष्ण हवेतून आलेली माणसं, त्यामुळे थंडीच झाडं मारते असं आपल्याला वाटत असतं. डे लिलीला थंडीपेक्षा साचलेलं पाणी जास्त मारतं, आणि त्याहून जास्त उशिरा केलेली लावणी.

हे झाड मूळचं चीन, कोरिया, जपानकडचं. तिचं शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, म्हणजे ग्रीकमध्ये ‘दिवसाचं सौंदर्य’. एक फूल एकच दिवस टिकतं, पण एका दांड्यावर बऱ्याच कळ्या असतात आणि त्या पाळीपाळीने उमलतात. खरी लिली कांद्यापासून येते. हिला कांदा नसतो, जाडसर मांसल मुळ्यांचा गड्डा असतो. अन्नपाणी त्या मुळ्यांत साठवून ती हिवाळा काढते.

विकत घेताना रंगाआधी पानांचा प्रकार विचारा. डॉर्मंट जातींची पानं पानगळीत पूर्ण वाळतात आणि कोंब मातीखाली झोपतो. एव्हरग्रीन जाती पानं धरून ठेवायला बघतात, सेमी-एव्हरग्रीन या दोहोंच्या मधल्या. कडक थंडीत सुरुवात डॉर्मंटनेच करा. काही एव्हरग्रीनही चिवट निघतात, पण ते कळायला दोन-तीन हिवाळे जावे लागतात. माझ्या पहिल्या वर्षी मी एक देखणी एव्हरग्रीन, तीही उशिरा आणि खोल लावली होती. वसंतात उकरली तेव्हा गड्ड्याचा लगदा झाला होता. त्याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी १९७५ सालची ‘स्टेला दे ओरो’ लावली. बुटकी, सोनेरी पिवळी, पुन्हापुन्हा फुलणारी, आणि नवख्या हातालाही सांभाळून घेणारी. उंच, सुवासिक पिवळी हवी असेल तर १९२४ सालची ‘हायपेरियन’ आजही मिळते.

लेबलवर झोनचा आकडा असतो. अमेरिकी कृषी खात्याने हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून हे झोन पाडले आहेत. झोन ३ म्हणजे साधारण उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअस. तिथेही अनेक डे लिली तग धरतात. आपल्या गावाचा झोन आधी माहीत करून घ्या.

लावणी वसंतात करा. तेव्हा जमलं नाही तर उन्हाळ्याच्या अखेरीस करा, मात्र जमीन गोठायच्या किमान सहा आठवडे आधी. तेवढ्या वेळात मुळ्या माती धरतात. जागेला रोज सहा तास ऊन हवं आणि पाण्याचा निचरा हवा. बर्फ वितळल्यावर जिथे डबकं साचतं ती जागा सोडून द्या. खड्ड्यात मातीची छोटी ढिगारी करून मुळ्या तिच्यावर चारी बाजूंनी पसरा. पानं आणि मुळ्या जिथे जुळतात तो भाग मातीखाली अडीच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा.

पहिल्या हिवाळ्यात खरी भीती असते ती जमीन गोठण्या-वितळण्याची. माती फुगते, बसते, पुन्हा फुगते आणि कच्चं रोप वर उचललं जातं. म्हणून पालापाचोळ्याचं किंवा पेंढ्याचं आच्छादन जमीन गोठल्यावर घाला, आधी नाही. थर सैल ठेवा. वर बर्फ पडला तर उत्तमच, त्याच्याइतकी चांगली गोधडी दुसरी नाही. गड्डा उचललेला दिसला तर वसंतात हलक्या हाताने दाबून बसवा.

थंडीचा एक फायदाही आहे. डे लिलीवरचा तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, अमेरिकेत २००० साली सापडला, पण तो जिवंत हिरव्या पानावरच टिकतो. जिथे पानं पार वाळून जातात तिथे त्याला हिवाळा काढता येत नाही.

शेजारी प्रेमाने केशरी जंगली डे लिलीचा गड्डा देतील. तो वाफ्यात लावू नका. ती जमिनीखालून धावते आणि मग हटत नाही.

आणि घरात मांजर असेल तर डे लिली लावूच नका. पान, फूल, पराग, काहीही पोटात गेलं तर मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. चावलेलं दिसलं तर त्याच क्षणी पशुवैद्याकडे न्या.

शरदात पानं पिवळी पडून झोपतील, तेव्हा रोप मेलं समजून उपटू नका. बर्फ सरता सरता हिरवी टोकं वर येतील. त्यानंतर एखाद्या रात्री पुन्हा हिमदव पडून ती करपली, तरी घाबरू नका. आतून नवी पानं येत राहतात.