गाजर गवत कापू नका, मुळासकट उपटा

पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत बांधावर, रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर गाजराच्या पाल्यासारखी रोपं दिसू लागतात. कोवळं रोप पानांची चकती करून जमिनीला चिकटून बसतं. मग मधून खोड वर येतं, त्यावर उभ्या रेघा आणि बारीक लव असते. फुलं साबुदाण्याएवढी पांढरी, पाच टोकांची. म्हणून काही जण याला चटकचांदणी म्हणतात. काँग्रेस गवत तेच. पुण्यात १९५५च्या सुमारास हे नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं.

हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. "मला काही होत नाही" म्हणत उघड्या हाताने उपटू नका. यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्याची ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतरही उमटते, आणि एकदा उमटली की दरवेळी त्रास देते. पापण्या, मान, कोपराची घडी खाजून लाल होत असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता उपटणं. "विळ्याने सपासप कापा" हा सल्ला मी दोन वर्षं पाळला आणि पस्तावलो. कापलेल्या बुडख्यातून चार-पाच फुटवे आले आणि इतक्या खाली फुलले की विळा लागेना. त्यानंतर उपटायला लागलो, पण फुलांवर आलेली झाडं उकिरड्यात टाकली. पुढच्या वर्षी ते शेणखत कांद्याच्या वाफ्यात पडलं आणि कांद्याआधी गाजर गवतच उगवलं. एका मोठ्या झाडाला १०,००० च्या वर बिया धरतात, त्यामुळे अशी एक चूक पुढची कित्येक वर्षं निस्तरावी लागते.

म्हणून फुलं यायच्या आधीच हात घाला. पाऊस होऊन गेल्यावर, जमीन ओली असताना, खोड अगदी मातीलगत धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. हिसका दिला की बुडखा तुटतो. तुटलाच तर खुरप्याने उकरून काढा, तसाच सोडू नका. हातात शेपटीसारखं सोटमूळ अखंड आलं तरच ते झाड संपलं म्हणायचं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलं येतात आणि प्रत्येक सरीनंतर नवं बी रुजतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी फेरी हवीच. वर्षातून एकदा श्रमदान करून फोटो काढल्याने हे गवत हटत नाही.

बिनफुलाची झाडं शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा, खत चांगलं होतं. फुलं आलेली झाडं न झटकता पोत्यात भरून तोंड बांधा, वाळवा आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहून जाळा.

मिठाचं पाणी शेतात फवारू नका, जमीन खराब होते. पानांवर पांढुरक्या पाठीचे, काळपट रेघांचे भुंगे दिसले तर कोणतंच औषध मारू नका. ते मेक्सिकन भुंगे आहेत, हेच गवत खातात. भारतात ते १९८४मध्ये याच कामासाठी सोडले गेले. पावसाळ्यात थोडे बाटलीत धरून गवत माजलेल्या दुसऱ्या जागी सोडा.

मोकळी झालेली जागा तशीच ठेवू नका, तिथे टाकळा दाट वाढू द्या म्हणजे गाजर गवताला जागा उरत नाही. दिवाळीच्या सुमारास टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करा आणि मेअखेरीस तिथे दाट फेका.