दगडी झाली म्हणून सडात चांदीचं पाणी? या चुका टाळा

हुपरीची चांदी जवळच असल्यानं ‘चांदीनं जंतू मरतात’ हे कोल्हापूरच्या गोठ्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ते खरंच आहे. पण तेवढ्यावर दगडी, म्हणजे जंतूंमुळं होणारा कासेचा आजार (कासदाह), झालेल्या म्हशीच्या कासेत प्रयोग करू नका.

पैंजण बुडवलेल्या पाण्यानं कास धुणे. जंतू मारतो तो चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला चांदीचा अणू. तो जंतूच्या विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) गंधकाला चिकटतो, त्याचा श्वास कोंडतो, आवरण फोडतो. अखंड दागिन्यातून असे आयन नगण्य सुटतात. चांदीच्या १ ते १०० नॅनोमीटरच्या अतिसूक्ष्म कणांचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं प्रचंड, म्हणून प्रयोगशाळेत ते प्रभावी ठरतात.

प्रयोगशाळेतला निकाल कासेला लावणे. सगळ्यात मोठी चूक हीच. दगडीचं दूध चाखलं तर खारट लागतं, कारण त्यात क्लोराइड वाढलेलं असतं. चांदीचा आयन क्लोराइडला भेटला की सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसतो. उरलेल्याला दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. म्हणजे कास जितकी आजारी, तितकी चांदी लवकर निकामी! शिवाय दगडी करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कासेच्या पेशींत शिरून बसतो, तिथं ती पोचणं अवघड. ई-कोलाय या दुसऱ्या जंतूचं आवरण पातळ, तो तुलनेनं लवकर मरतो. पण सडातून आलेल्या गाठी बघून जंतू कोणता हे ओळखता येत नाही.

घरचं द्रावण सिरिंजनं सडात सोडणे. निर्जंतुक नसलेली नळी नवे जंतू आत नेते. सिल्व्हर नायट्रेट असेल तर आतली नाजूक त्वचा भाजते. वरून ते दूध डेअरीला जाणार, ते लोकांची लेकरं पिणार.

‘चांदीला जंतू सरावत नाहीत’ असं मानणे. बॉस्टनच्या जळीत विभागात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला जंतू आढळल्याची नोंद १९७५ सालीच झाली आहे.

मग करायचं काय? पहिल्या धारा काळ्या वाटीत काढून गाठी बघा. सुजेआधीची, लपलेली दगडी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) या दुधाच्या चाचणीत कळते. सडात औषधाची ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना डॉक्टरांकडं द्या, नंतर दिलात तर जंतू हाती लागणं कठीण. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध संस्थेत घालू नका. धार काढून झाली की सड पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला निदान अर्धा तास लागतो, तोवर जनावर शेणात बसता कामा नये.