प्रकाशावर चालणाऱ्या एआय चिपचा शोधनिबंध कसा वाचावा

प्रकाशाच्या वेगाने गणित करणारी चिप आली, अशी बातमी वाचनात आली की मूळ शोधनिबंध उघडावा आणि सारांश संपताच प्रयोगाच्या आकृतीकडे वळावे, कारण चिपवर नेमके काय घडले आणि शेजारच्या संगणकावर काय उरकले, हे तिथेच कळते.

अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१७ साली ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध सरावासाठी उत्तम आहे. त्यांच्या सिलिकॉन चिपवर ५६ माख-झेंडर व्यतिकरणमापी होते. अशा प्रत्येक घटकात लेझरचा प्रकाश दोन वाटांनी विभागला जातो. एका वाटेला सूक्ष्म तापकाने ऊब दिली की तिथल्या प्रकाशाची कला, म्हणजे लहरीचा टप्पा (फेज), बदलते, आणि दोन्ही वाटा पुन्हा मिळतात तेव्हा कोणत्या बाजूने किती प्रकाश बाहेर पडेल, हे त्यावरून ठरते. न्यूरल नेटवर्क, म्हणजे एआयमागची गणिती रचना, तिच्यातला मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या तक्त्यांचा) गुणाकार या घटकांच्या जाळ्यात होतो. मात्र नेटवर्कला लागणारी अरेषीय क्रिया, म्हणजे जिचे उत्तर सरळ प्रमाणात बदलत नाही अशी पायरी, त्या प्रयोगात संगणकावरच केली होती, आणि ही ओळ नजरेतून सुटली तर सगळाच अर्थ चुकतो.

मग अचूकता पाहावी. उच्चारातले चार स्वर (व्हॉवेल) ओळखताना चिपला ७६.७ टक्के यश मिळाले, नेहमीच्या संगणकाला ९१.७ टक्के. हा फरक त्यांनी उघडपणे छापला, याचे मला मोल वाटते.

ऊर्जाबचतीचा दावा तपासताना लेझर, तापक आणि प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे भाग यांचा वीजखर्च हिशेबात धरला आहे का, हे आवर्जून शोधावे.