एका तिकिटात दोन पिक्चर: घरच्या सोप्यात ग्राइंडहाउस रात्र कशी लावायची

दोन पिक्चर लावायचे आणि ते एकाच रात्री, एकामागून एक. आज एक आणि दुसरा पुढच्या रविवारी, असा बेत असेल तर या खटाटोपात पडू नका. क्वेंटिन टॅरेंटिनो आणि रॉबर्ट रॉड्रिगेझ या अमेरिकी दिग्दर्शकांनी 2007 मध्ये ‘ग्राइंडहाउस’ आणला तो एका तिकिटात दोन पूर्ण सिनेमे म्हणूनच. आधी रॉड्रिगेझचा ‘प्लॅनेट टेरर’, मग टॅरेंटिनोचा ‘डेथ प्रूफ’, आणि आधी नि मध्ये, कधी बनलेच नव्हते अशा सिनेमांचे ट्रेलर. सगळं मिळून 191 मिनिटं. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी त्याचे दोन सुटे सिनेमे करून लावले गेले, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी ते तसेच सुटे पाहिलेत. म्हणून त्यांना वाटतं, एक झोंबीचा पिक्चर आहे नि एक गाडीचा. ही जोडी जोडीनं पाहिली की वेगळंच काहीतरी दिसतं, आणि ते दिसावं म्हणून मी हे लिहितेय.

माझे वडील, आबा, कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांचा डबा पोचवायला मी जायची आणि केबिनमध्येच रेंगाळायची. मशीनची घरघर, कार्बनचा वास आणि त्या चौकोनी झरोक्यातून दिसणारं पिटातलं पब्लिक. सकाळच्या खेळाला जुन्या, फिरून फिरून थकलेल्या प्रिंटा यायच्या. स्टंटपट, भुताचे पिक्चर, हाणामारीचे इंग्रजी पिक्चर. गावोगाव, तंबूतंबूत लागून आलेली प्रिंट आमच्याकडं पोचेपर्यंत कुठं दहा फूट कमी, कुठं गाणंच गायब. अमेरिकेतही 1960-70 च्या दशकात हेच चाललं होतं. न्यूयॉर्कच्या 42व्या रस्त्यावरच्या आणि गावोगावच्या ‘ग्राइंडहाउस’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त टॉकीजमध्ये कमी पैशांत काढलेले, रक्त, अंगप्रदर्शन, मोटारी, कुंग-फू यांवर उभे असलेले सिनेमे जोडीनं लागायचे. आजचे दिग्दर्शक मुजरा करतात तो त्या गोष्टींइतकाच त्या थकलेल्या प्रिंटेला आणि ती पाहणाऱ्या पब्लिकला. रात्र लावताना हे ध्यानात ठेवलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

जोडी कशी निवडायची

पहिल्या रात्री ‘ग्राइंडहाउस’च लावा. अखंड 191 मिनिटांची आवृत्ती मिळाली तर उत्तम. सुट्या आवृत्त्या लांब आहेत: ‘प्लॅनेट टेरर’ 105 मिनिटं, ‘डेथ प्रूफ’ त्याहून सात-आठ मिनिटं जास्त. हातात आलेल्या डिस्कचा किंवा ॲपवरच्या सिनेमाचा वेळ या आकड्यांशी ताडून पाहा. बराच कमी भरला तर कात्री लागलेली आहे. तसला नमुना लावू नका, कारण या सिनेमांत मुद्दाम गाळलेलं आणि कुणीतरी कापलेलं यातला फरकच पब्लिकला कळणार नाही.

क्रम बदलायचा नाही. ‘प्लॅनेट टेरर’ आधी, कारण तो धावतो. ‘डेथ प्रूफ’ बराच वेळ बसून बोलतो आणि मग एकदम गाडीत बसवतो. पहिल्या पिक्चरच्या धांगडधिंग्यानं पब्लिक सैल झालेलं असलं तरच दुसऱ्यातल्या गप्पा त्यांना गोड लागतात. तरी मध्यंतरात उभं राहून सांगाच: ‘आता सुरुवातीला बायका बोलत बसणार आहेत, उठू नका.’

दुसऱ्या खेपेला दिग्दर्शक टाय वेस्टचे ‘एक्स’ आणि ‘पर्ल’ घ्या, दोन्ही 2022 चे, पावणेदोन तासांच्या आसपास. ‘एक्स’ 1979 च्या टेक्ससमध्ये घडतो. पहिल्याच शॉटमध्ये कॅमेरा गोठ्याच्या आत आहे, दाराच्या कडांमुळं चित्र जुन्या चौकोनी पडद्याएवढं दिसतं, आणि कॅमेरा पुढं सरकला की ते रुंद होतं. हे पब्लिकला आधी सांगू नका, पाहू द्या. मिया गॉथ ‘एक्स’मध्ये दोन भूमिका करते, तरुण मॅक्सीन आणि म्हातारी पर्ल. त्या म्हातारीच्या तरुणपणाची गोष्ट दुसऱ्या सिनेमात येते, तीही भडक, टेक्निकलर पद्धतीच्या जुन्या रंगीत पिक्चरच्या थाटात. हसायचा मूड असेल तर 2009 चा ‘ब्लॅक डायनामाइट’ ठेवा. सुपर 16 या अरुंद फिल्मवर काढलेला, दीड तासाहून थोडा कमी. काठीला टांगलेला बूम माइक फ्रेममध्ये डोकावतो आणि नट त्याच्याकडं बघतो. तिथं आमचा सगळा सोपा दणाणतो.

जुन्या सिनेमांना मुजरा करणारे सगळेच नवे पिक्चर मी लावत नाही. एक्स्प्लॉइटेशन म्हणजे बायकांच्या अंगावर धंदा करणं, हे त्या जुन्या सिनेमांबाबत खरंच आहे. नव्या दिग्दर्शकानं कपडे आणि रक्त तेवढं उचललं आणि बाकी डोकं चालवलं नाही, तर मला तो नको. ‘डेथ प्रूफ’ मला हवा तो यासाठीच. पहिल्या अर्ध्यात कॅमेरा त्या मुलींकडं त्याच नजरेनं बघतो, खलनायक स्टंटमन माइक त्यांना गाडीनं चिरडतो आणि आपल्याला आपल्याच बघण्याची लाज वाटते. दुसऱ्या अर्ध्यात त्याला दुसऱ्या मुली भेटतात. त्यात झोई बेल स्वतःच्याच नावानं आहे. ही न्यूझीलंडची स्टंट करणारी बाई, ‘किल बिल’मध्ये उमा थर्मनच्या जागी तीच उड्या मारत होती. पांढऱ्या 1970 च्या डॉज चॅलेंजरच्या बॉनेटवर ती खरोखर झोपते आणि गाडी खरोखर पळते. ही कॉम्प्युटरवर केलेली करामत नव्हे. हे पिक्चरआधी सांगा, म्हणजे लोक श्वास रोखून बघतील.

खरी रेघ, खोटी रेघ

या भागावर मी जरा जास्त थांबणार, कारण पब्लिकला एकदा हे दाखवलं की सगळी रात्र त्यांच्या हातात जाते. आबा मला रिवाइंडरवर, म्हणजे रीळ उलटं गुंडाळायच्या यंत्रावर, बसवून प्रिंट तपासायला लावायचे. फिल्मच्या कडेवरून हलकं बोट फिरवायचं, भोक फाटलं असेल तिथं बोट अडतं. तिथंच कळलं की प्रिंट सगळीकडं सारखी झिजत नाही. रिळाचं तोंड आणि शेपूट सगळ्यात खराब, कारण मशीनमध्ये ओवताना, काढताना, जमिनीवर लोळताना मार त्यांनाच बसतो. मधला भाग बराच स्वच्छ असतो.

रंगीत प्रिंटेच्या इमल्शनच्या, म्हणजे रंगांचे थर असलेल्या, बाजूला हलका ओरखडा पडला तर पडद्यावर हिरवी रेघ दिसते, कारण सगळ्यात वरचा किरमिजी थर तेवढा निघालेला असतो. खोल गेला की पिवळी. पार तळाला गेला की पांढरी. मागच्या चकचकीत बाजूला ओरखडा पडला तर रेघ काळी. धुळीचंही तसंच: प्रिंटेवरची धूळ काळी दिसते आणि निगेटिव्हवर असताना छापली गेलेली पांढरी. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटा पडून राहिल्या की निळसर रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी-तांबडं होतं.

रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका येतो. पहिला साधारण आठ सेकंद आधी, तो दिसला की ऑपरेटर दुसरं मशीन चालू करतो. दुसरा एक सेकंद आधी, तेव्हा चित्र या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचं. पाहुण्यांना तो ठिपका शोधायला सांगा, मुलं तर शर्यत लावतील. (मुलं म्हणजे कॉलेजची. यातला एकही पिक्चर अठराच्या आतल्यांना दाखवायचा नाही.)

सगळ्यात बारीक खूण आवाजाची. प्रिंट तुटली की ऑपरेटर खराब फ्रेम कापून जॉइंट मारतो, आणि तिथं चित्र उडी मारतं. पण 35 मिलिमीटरच्या मशीनमध्ये आवाज वाचणारी जागा चित्राच्या खिडकीच्या पुढं, सुमारे वीस फ्रेम लांब असते. म्हणून आधी चित्र उडतं आणि जवळजवळ सेकंदभरानं आवाजात टक् होतं. दोन्ही नेमकं एकाच क्षणी झालं, तर ती उडी एडिटिंगच्या टेबलावर घातलेली. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. रेघांचे तयार फिल्टर एका बटणावर मिळतात हे मला रोज दिसतं, आणि ते अख्ख्या फ्रेमवर सारखे पसरतात तेही.

मग रॉड्रिगेझनं तर ‘प्लॅनेट टेरर’ डिजिटल कॅमेऱ्यावर काढला आणि रेघा नंतर घातल्या, तो कसा चालतो? कारण त्यानं रेघा गोष्टीच्या अंगानं घातल्या. प्रसंग तापत जातो तशी प्रिंट खराब होत जाते, प्रेमाच्या प्रसंगात तर फिल्म जळते आणि पडद्यावर रीळ गहाळ झाल्याची पाटी येते. पुन्हा चित्र येतं तेव्हा हॉटेलला आग लागलेली आहे आणि नायकाचं गुपित आपल्याशिवाय सगळ्यांना कळलेलं आहे. सकाळच्या खेळाला खरंच असं व्हायचं, पब्लिक ओरडायचं आणि मग आपापसांत गाळलेली गोष्ट जुळवायचं. ‘डेथ प्रूफ’च्या सुरुवातीला दुसरंच नाव क्षणभर चमकतं आणि त्यावर साधी पाटी येते, तेही खरं. जुना पिक्चर नवं नाव लावून परत विकायची ती तऱ्हा. तो सिनेमा पुढं जाईल तशा रेघा कमी होतात, सुट्या आवृत्तीत मध्ये काही वेळ कृष्णधवल होतो आणि मग भसकन रंग येतात. तिथून पुढं पळ काढायची पाळी माइकवर येते.

सोपा, पडदा, वेळ

चादर टांगू नका, ती हलते आणि प्रकाश आरपार जातो. सोप्यातली एक भिंत चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगानं रंगवून घ्या. प्रोजेक्टर असो की टीव्ही, दोन गोष्टी बंद करायच्याच. एक, हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ती चालू असली की सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा दिसतो. दुसरी, नॉइज रिडक्शन. हे यंत्र फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले बारीक कण, आणि रेघा घाण समजून पुसून टाकतं, म्हणजे दिग्दर्शकानं कष्टानं केलेलं सगळं धुतलं जातं. इंटरनेटवरून पाहताना दाण्याचे चौकोन होतात, म्हणून डिस्क मिळाली तर डिस्कच.

वेळेचं गणित आधी मांडा. साडेसहाला सुरू केलं तर 191 मिनिटं आणि वीस मिनिटांचं मध्यंतर मिळून दहा वाजून जातात. रात्री दहानंतर मोठा आवाज कायद्यात बसत नाही आणि शेजारच्या आज्जींच्या झोपेतही बसत नाही. गाड्यांचा पाठलाग अगदी शेवटी आहे आणि तो बारीक आवाजात पाहण्यात अर्थ नाही. सहाला सुरू करा, खिडक्यांना जाड पडदे लावा. सुट्या आवृत्त्या असतील तर साडेपाचला. गच्चीचा मोह टाळा.

‘मशेटी’चा ट्रेलर पहिल्या पिक्चरच्या आधी येतो, बाकीचे ट्रेलर दोन्ही पिक्चरच्या मध्ये. मध्यंतर पहिला पिक्चर संपल्यावर लगेच घ्या आणि ट्रेलर मध्यंतरानंतर लावा. लोक चहा घेऊन परत बसता बसता ट्रेलर पाहतात, टॉकीजमध्ये असंच असायचं. त्या खोट्या ट्रेलरांचं पुढं काय झालं तेही तेव्हाच सांगा. ‘मशेटी’ 2010 मध्ये खरा सिनेमा झाला, आणि एली रॉथनं त्याचा ‘थँक्सगिव्हिंग’ 2023 मध्ये पुरा केला. जेसन आयझनरचा ‘होबो विथ अ शॉटगन’ स्पर्धेत जिंकलेला ट्रेलर होता, 2011 मध्ये रुटगर हाउअरला घेऊन त्याचाही सिनेमा आला.

खायला भडंग आणि भाजलेल्या शेंगा. अंधारात कट सांडतो, म्हणून मिसळ नको. तांबडा-पांढरा दुसरा पिक्चर संपल्यावर.

पोस्टर मात्र हातानं रंगवा. ‘सैरंध्री’ (1920) काढणारे बाबूराव पेंटर याच गावचे, आधी चित्रकार, मग स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमावाले झालेले. त्यांच्या गावात मोबाइलवर बनवलेलं पोस्टर दारावर चिकटवायचं मला पटत नाही. एका कागदावर दोन्ही पिक्चर, पोस्टर कलरचा तांबडा आणि पिवळा, चपटा ब्रश, कोपऱ्यात मोठा ‘ए’. पेठेत बोर्ड रंगवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना पैसे देऊन काढून घ्या. तिकीट लावू नका. घरात मित्रमंडळींबरोबर पाहणं वेगळं. हॉल घेऊन, पैसे घेऊन दाखवायचं तर हक्क ज्यांचे आहेत त्यांची परवानगी लागते.

दोन-तीन रात्री झाल्या की आपल्या मातीतली जोडी लावा. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ 1972 चा. कमी पैशांत काढलेला, आणि त्याचं चित्रण इथून फार लांब नाही, महाबळेश्वरला झालं. त्याच्या जोडीला आशिम अहलुवालियाचा ‘मिस लव्हली’, 2012 मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाला गेलेला, 1980 च्या दशकातल्या मुंबईत सी-ग्रेड पिक्चर काढणाऱ्या दोन भावांची गोष्ट. तो या धंद्याकडं प्रेमानंही बघतो आणि त्यातल्या बायकांचं काय झालं तेही लपवत नाही. रामसेंचा आधी, ‘मिस लव्हली’ नंतर. उलट लावलंत तर भूत आलं तरी पब्लिक मनात त्या दोन भावांचाच हिशोब करत बसेल.