'येसू' नावाचं मूळ कसं शोधावं

घराच्या वंशावळीत 'येसू' किंवा 'येसूबाई' सापडली आणि तेच नाव मुलीला ठेवायचं मनात असेल, तर आधी ते नीट उकलून घ्या. नाव फार तोलामोलाचं आहे. संभाजी महाराजांच्या राणीचं हे नाव. १६८९ साली रायगड पडल्यावर त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये परतल्या.

सुरुवातीला 'बाई', 'आक्का', 'वहिनी' बाजूला काढा. उरलेल्या नावाच्या शेवटी 'ऊ' असेल तर ते बहुधा हाकेचं रूप असतं: गोदावरीची गोदू, भागीरथीची भागू, सरस्वतीची सरू. तशीच यशोदेची येसू. सावरकरांच्या घरातल्या येसूवहिनी मूळच्या यशोदाच.

मग पूर्ण नाव फोडा. यशस् अधिक दा, संधी होऊन यशोदा. म्हणजे यश देणारी. बोलीत 'यश'चं 'येस' होतं. येसाजी कंक यांच्या नावातही तेच. गुजरातीत सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होऊन जसोदा झाली.

खरी अडचण कागदांत येते. लग्नात नाव बदलायची चाल असल्याने एकाच बाईची दोन नावं निघतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं असतं, तर सासरच्या जमिनीच्या फेरफारात वारस म्हणून बहुधा सासरचं. म्हणून नवऱ्याचं, वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय दोन नोंदी एकीच्या मानू नका. तशाच दोन वेगळ्या बायका आहेत असंही घाईने ठरवू नका. पत्रिकेतलं नावरस नाव, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून ठेवलेलं, तिसरंच असू शकतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद पाळला जात नाही, त्यामुळे 'येसु' दिसलं तरी नाव तेच. आज लिहिताना अंत्य उकार दीर्घच ठेवा.

'येसू'चा 'येशू'शी संबंध जोडू नका. ते नाव हिब्रूतून आलेलं, मूळ अगदी वेगळं. रोमन लिपीत मात्र दोन्ही सारखी वाचली जातात आणि मुलीला ते आयुष्यभर समजावत बसावं लागेल. म्हणून कागदोपत्री 'यशोदा' आणि घरी 'येसू' हे उत्तम.

जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल, तर नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखला हातात घेतानाच देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंग तपासा. पुढे आधार आणि शाळेत तेच उतरतं.